छातीवरचा हिवाळा

थंडी परत आली आहे. काल सकाळी कालव्याच्या कडेनं निघालो, तर धुकं इतकं दाट की समोरून येणारा माणूस आधी खोकून आपली ओळख देत होता. उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून डुलत येत होत्या, जणू ऊसच झोपेत चालत कारखान्याकडं निघालाय. ज्वारी चिकात आली आहे. कुठंतरी आगटी पेटली होती आणि हुरड्याचा तो कोवळा, जरासा जळका वास माझ्या मफलरीत शिरून बसला. मग माळाकडं नजर गेली. गवत लांडग्याच्या पाठीच्या रंगाचं झालं होतं.

गवत असं झालं की माझा हात आपोआप छातीवर जातो. लोकांना वाटतं, आबांना हार्टचा त्रास आहे. मी वाटू देतो. तेवढीच कुणीतरी पाण्याची घागर उचलून देतं.

त्या वर्षीची थंडी यापेक्षा मोठी होती. आता माझं बोलणं ऐकताना आमच्या गावात एक रीत आहे, मी सांगितलेल्या सापातून निम्मा साप आधीच वजा करायचा. पण त्या थंडीतून काही वजा करू नका. कालव्याचं पाणी पुढं जायला राजी नव्हतं, पाटकरी त्याला काठीनं हाकत नेत होता. चहाची वाफ कपातून उठायची, बाहेरचा गारठा बघायची आणि पुन्हा कपात जाऊन बसायची. आमचा कोंबडा आरवायचं सोडून कोंबडीच्या पंखाखाली शिरला होता, आणि तिनंही काही विचारलं नाही.

आमचं घर पूर्वी मेंढरांचं. माझा आजा पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. मागं राहिली एक काळी घोंगडी आणि घशात राहिला आवाज. एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाशी बोलायचं तर आवाज लागतोच. माझ्या बापानं इंदापुरात हाक मारली तर बारामतीच्या बाजारात मेंढरं मान वर करायची. मी त्याच्याच पोटचा. कानात बोलणं हा प्रकार आमच्या घराण्यात कुणाला येत नव्हता. आमच्या घरातली गुपितंसुद्धा शेजाऱ्यांना तोंडपाठ.

त्या हिवाळ्यात माझी जुनी जीप मृणालताईंकडं भाड्यानं लागली होती. मृणालताई लांडग्यांचा अभ्यास करायच्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण वनखात्याचा परवाना खिशात आणि डोक्यावर कानटोपी घालून रानात उतरल्या की मीच त्यांच्या मागं मागं चालायचो. त्यांचं काम असं, की माळावर पायवाटेच्या कडेला बाभळीला कॅमेरा बांधायचा, समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढणार. आणि दुसरं काम म्हणजे लांडग्याची विष्ठा गोळा करायची. ती चिमट्यानं उचलून बाटलीत भरायची. आमची मंडळी त्यांना रोज डब्यात शेंगदाण्याची चटणी द्यायची. जीपमध्ये दोन्ही शेजारी शेजारी. मी जेवताना झाकण उघडण्याआधी वास घ्यायची सवय तेव्हा लावून घेतली, ती अजून आहे.

"ताई, ह्यात बघण्यासारखं काय हाय वो?" मी एकदा विचारलं.

"आबा, बाहेर पडताना आतड्याच्या पेशी घासून तिच्यावर चिकटतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. पण एकेका पेशीत लिहिलेलं असतं, हा लांडगा कोण, ह्याची आई कोण, भाऊ कोण."

"म्हंजे सातबाराच की."

"सातबाराच. फक्त ह्यात खाडाखोड करता येत नाही."

मी तेव्हापासून त्या बाटल्यांकडं जरा आदरानं बघायला लागलो.

त्या माळावर एक म्हातारा लांडगा होता. डावा कान फाटका. मी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांच्या पुढं चालायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही. त्याचा कान मीच फाडला, असं मी गावात सांगत आलो होतो. माझ्या कोकराला त्यानं धरलं, मी त्याला धरलं, आम्ही दोघं लोळत लोळत ओढ्यात गेलो, वगैरे. दरवर्षी ओढा थोडा खोल व्हायचा. सरपंचानं कधी येऊन तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा.

आणि त्याच थंडीत आमची सून सारिका अडली. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. रक्तदाब चढला, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, आणि सकाळी मी तिला माझ्याच जीपमधून बारामतीला नेलं. दुपारपर्यंत पोट फाडून बाळ काढलं. मुलगी झाली होती.

मी तिला पहिल्यांदा काचेतून पाहिलं. आयुष्यभर मी सगळं मोठं करून सांगत आलो. मासा सांगितला तर सुसर करून, ओढा सांगितला तर भीमा करून. पण काचेपलीकडं जे होतं ते मला कोणत्याच बाजूला ओढता येईना. दोन्ही हातांची ओंजळ केली तर तिच्यात मावून वर जागा उरली असती. कातडी कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्यासारखी. नाकात नळी. एका पायाच्या अंगठ्याला चिमटा, त्यातून तांबडा उजेड, आणि तो उजेड अंगठ्याच्या आरपार. मनगटाच्या पट्टीवर लिहिलं होतं, सारिकाचं बाळ. नाव अजून कुठून असणार.

तिथल्या लोंढे सिस्टर कोऱ्हाळ्याच्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण त्या मऊ आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असायचे. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "शेगडी कुठं ठिवायची?"

"कसली शेगडी?"

"अवो, बाळ गारठलंय. घरून आणलीया. गोवऱ्याबी हायती."

सिस्टरांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. मग वर नळ्यांकडं पाहिलं. "आबा, इथं ऑक्सिजन चालू आहे. तुम्ही शेगडी पेटवली तर उद्या बारामती कुठं होती ते विचारत फिरावं लागेल."

शेगडी गाडीत गेली. मग मी घोंगडी आणली, शर्टाच्या आत गुंडाळून, पोट सुटल्यासारखा चालत. तीही दारातच निघाली. सिस्टर नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ह्या घोंगडीत किती मेंढरं राहत्यात अजून?"

मग त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. मशीनची ऊब आहे, ती चालूच राहील. पण असं लवकर आलेलं बाळ माणसाच्या उघड्या छातीला उघडं लावलं, वरून गुंडाळलं, की त्याला ऊब मिळते, श्वास सुधारतो, वजन धरतं. कांगारू पद्धत म्हणतात. आईनं करायचं असतं. पण सारिका वरच्या मजल्यावर सलाईनला खिळलेली, रक्तदाब उतरत नव्हता. आमच्या मंडळीला त्या थंडीचा खोकला, त्यामुळं त्यांना दारातच मज्जाव. माझा मुलगा विजय लोणी देवकरला कंपनीत. तो पाळी संपली की थेट येऊन संध्याकाळी शर्ट काढून बसायचा.

"दिवसा कुणाची तरी छाती पायजे," सिस्टर म्हणाल्या. "तुमची आहे का रिकामी?"

मी हसलो. मग मला कळलं की त्या हसत नाहीत.

मी नाही म्हणालो. आमच्यात सोयर असतं, बारशापर्यंत पुरुषमाणूस बाळाला हात लावत नाही. विजयचं एक सोडा, तो बाप. पण मिशीवाला म्हातारा, चार बायांच्या देखत शर्ट काढून, सुनेचं पोर छातीशी घेऊन बसलाय, हे पारावर गेलं असतं तर माझी सगळी गाजलेली युद्धं एका दिवसात वाहून गेली असती. हे मी सिस्टरांना असं बोललो नाही. मी म्हणालो, "मला दमा हाय."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

सिस्टर उठल्या. फक्त म्हणाल्या, "विचार करा. तिला जास्त थांबायला जमेल असं नाही."

हे वाक्य मी जीपमध्ये घेऊन घरी आलो. गाडीत शेगडी होती, घोंगडी होती आणि ते वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालताईंना माळावर सोडायचं होतं. धुकं विरत होतं. गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला दवाचा थेंब, आणि सूर्य त्यातल्या कोणत्या थेंबातून उगवावं ते ठरवत होता. असल्या सकाळी माळ जमिनीवर नसतो, थोडा वर तरंगत असतो. ताईंनी लांबच्या बिळासमोरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं, जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, आणि फोटो पुढं पुढं सरकवू लागल्या. ससा. माझाच पाय. पुन्हा ससा. मग बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी पिलं, मातीच्या ढेकळांएवढी. मादी शिकारीला गेलेली. आणि पिलांच्या मधोमध, अंग पसरून, फाटका कान.

"हा तुमचा सरपंच ना?" ताई म्हणाल्या.

तोच होता. एक पिलू त्याच्या मानेवर, एक पोटाशी घुसलेलं, एक त्याची शेपूट चावत होतं. आणि ज्याच्याशी मी आयुष्यभर ओढ्यात लोळलो तो लांडगा डोळे मिटून, तोंड जमिनीला टेकून असा पडलेला, की श्वाससुद्धा बेतानं घेत असावा. पुढच्या फोटोत तसाच. त्याच्या पुढच्यात ऊन सरकलेलं, तो तसाच.

"बाप्ये बी बसत्यात व्हय?" मी विचारलं.

"बसतात की. बाप, काका, गेल्या वर्षीची थोरली भावंडं. आई एकटी सगळं करू शकत नाही."

मी त्यांना मग बाळाचं सांगितलं. शेगडीचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. लॅपटॉप मिटत म्हणाल्या, "आबा, शेगडी असतेच. आत असते. तान्ह्या जिवाच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांजवळ तपकिरी रंगाची चरबी असते. तिच्या पेशींचं काम एकच, जळायचं आणि ऊब द्यायची. कोकराला असते, माणसाच्या बाळालाही असते. पण ही चरबी पोटात शेवटी शेवटी भरते. तुमची नात ती भरायच्या आधीच निघाली."

"शेगडी घ्यायची इसरली."

"हो. म्हणून दुसऱ्या कुणाची तरी लागते."

त्यांनी फोनवर पेशीचं चित्र दाखवलं, सूक्ष्मदर्शकातलं. मधाच्या पोळ्यासारखं दिसत होतं, प्रत्येक घरात बारीक बारीक ठिपके. त्या एकेका ठिपक्यात विस्तव असतो, असं त्या म्हणाल्या. मी नंतर गावात हे सांगताना त्यातून धूर निघताना पाहिल्याचंही सांगितलं. पण त्या क्षणी मला माझा बाप आठवला, माघाच्या गारठ्यात, घोंगडीच्या आत अंगाशी ओलं कोकरू धरून चालणारा, आणि घोंगडीच्या फटीतून बाहेर आलेलं कोकराचं नाक. त्या बापाला कुणी हसलं नव्हतं.

ताईंना माळावरच ठेवून मी बारामतीला गेलो. "दुपारी घ्यायला येतो," म्हणालो. त्यांनी हातानंच जा म्हणून सांगितलं.

सिस्टरांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग छाती, मग पुन्हा हात. नखं कापली. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मला एवढं धुतलं नसेल. पाचवीच्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणतात. मला तेव्हाच कळलं की ह्या खोलीत तिलाही आधी नखं कापावी लागणार. आडव्या खुर्चीत मला मागं रेलून बसवलं. आणि टोपी, मोजे, लंगोट घातलेला तो जीव नळ्यांसकट उचलून माझ्या छातीवर, उभा, बेडकासारखे पाय दुमडून ठेवला. वरून कापड गुंडाळलं.

तिला काही वजनच नव्हतं. माझ्या छातीवर कधी कधी मुंगळे चढतात, ते जड वाटतात.

शेजारच्या खुर्चीत एक पिंपळीची बाई आपलं बाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आबा, घट्ट धरू नगा, ती काय ऊस न्हाय."

मला हसू आलं. माझं हसू म्हणजे ट्रॅक्टर चालू होतो तसं, आधी पोट हलतं. ते हललं, आवाज फुटला, आणि वरचं यंत्र टीं टीं करायला लागलं. तांबडा आकडा खाली यायला लागला. सिस्टर धावत आल्या. त्यांनी कापडाच्या आत हात घातला, बाळाचा पाय बाहेर काढला आणि तळव्यावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पोरीनं अंग आखडलं, एक बारीक उसासा टाकला, आणि आकडा हळूहळू वर चढला.

"विसरतात असली बाळं," सिस्टर म्हणाल्या, जसं काही चहात साखर घालायची विसरतात. "श्वास घ्यायचा असतो हेच विसरतात. आठवण करून द्यायची."

माझ्या अंगातून घामाची धार लागली होती, त्या थंडीत. मी तोंड मिटलं. मी ठरवलं, आता ह्या पोरीपुढं आयुष्यात शब्द काढायचा नाही. माझ्या आवाजानं तिचा श्वास विझला, असंच मला वाटत होतं. त्या दिवशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो नाही. मंडळींनी घरी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांनीच विचारलं, "आबा, मुके झालात?"

मी बोटानं बाळाकडं दाखवलं.

"तुमच्यामुळं नव्हतं झालं ते. पण मोठा आवाज तिला सोसत नाही, हे खरं. बोला, बारीक बोला. तिला माणसाचा आवाज लागतो."

आता बारीक बोलायचं कसं, हे मला कोण शिकवणार. मी प्रयत्न केला, तर पहिल्यांदा नुसती हवा आली. मग घरघर. पिंपळीची बाई तोंडाला पदर लावून बसली. मग केव्हातरी, दुपारच्या तिरप्या उन्हात, आवाज सापडला. तो माझ्या घशात नव्हता, खाली होता, जिथं तिचं डोकं टेकलं होतं तिथंच. मी बोललो की ते इवलंसं डोकं हलकेच हलायचं.

मी तिला लांडग्याची गोष्ट सांगायला घेतली. सरपंचानं झडप घातली, मी म्हणालो, आणि थांबलो. एवढा मोठा लांडगा एवढ्याशा कानात जाणार कसा. मी त्याला लहान केला. ओढा लहान केला. झटापट काढून टाकली. शेवटी एवढंच उरलं, की एक लांडगा होता, त्याचा कान फाटका होता, आणि तो उन्हात पडला होता, हालत नव्हता. एवढीच गोष्ट मी तिला रोज सांगितली. कधी त्यात गवत घातलं, कधी दव. वरचा आकडा स्थिर असायचा. पिंपळीची बाई म्हणायची, "मग काय झालं?" मी म्हणायचो, "काय न्हाय. पडलाय अजून." ती मान डोलवायची, जसं काही फार मोठं घडलंय.

ती दुपार अजून माझ्या अंगात आहे. खिडकीच्या काचेवर धुळीचा पडदा, बाहेर ट्रॉल्यांची धडधड लांबून, आत यंत्राची बारीक टिकटिक, आणि छातीवर एक जागा, हाताच्या पंजाएवढी, बाकी सगळ्या अंगापेक्षा गरम. कधी ती माझ्या श्वासाबरोबर श्वास घ्यायची. कधी विसरायची. मग मी कापडाखालून बोट घालून तळव्यावर टिचकी मारायचो, सिस्टरांनी शिकवली तशी, आणि तिचा श्वास परत येईपर्यंत माझा श्वास दारात उभा राहायचा. दिवस लोटले तसं विसरणं कमी झालं. नळी निघाली. सारिका भिंतीला धरून खाली आली, माझ्या छातीवरून तिनं लेक उचलली, आणि माझ्या छातीला पहिल्यांदा त्या वर्षीची थंडी लागली.

बाळ घरी आलं तेव्हा गहू पिवळे पडायला लागले होते. बिळासमोर कॅमेऱ्यात नुसतं गवत येत होतं. मादीनं पिलं दुसरीकडं हलवली होती. सरपंच त्यानंतर एकदाच दिसला, माळाच्या कडेनं जाताना, सगळ्यांच्या मागं. मृणालताई अजून दर हिवाळ्यात येतात. त्यांच्या बाटल्यांत त्याच्या नातवंडांचे सातबारे निघतात, असं सांगतात.

बाळाचं नाव तनुजा. आम्ही तनू म्हणतो. ती आता शाळेत जाते, आणि तिचा आवाज घराण्यावर गेलाय. तिनं वर्गात हजेरी दिली की शेजारच्या शाळेतली मुलं उभी राहतात, असं मी सांगतो, आणि ह्यातून काय वजा करायचं ते तुम्ही ठरवा.

काल संध्याकाळी पारापाशी शेकोटी पेटली. तनू माझ्या मांडीत येऊन बसली आणि सगळ्यांच्या देखत तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "आबा, मी केवढी हुती?"

मी हात पुढं केले. गोष्ट सांगताना माझे हात नेहमी लांब जातात. ह्या एकाच गोष्टीत ते जवळ येतात, आणखी जवळ येतात, आणि एका ओंजळीपाशी थांबतात.

पोरीनं माझ्या हातांकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. "खोटं."

"आबा," शेकोटीपलीकडून नामदेवराव म्हणाले, "एवढं कुटं माणूस असतं व्हय? त्यापरीस तुमी ती लांडग्याची सांगा. ती तरी पटती."

सगळे हसले. मीही हसलो, ट्रॅक्टरसारखा. आणि लांडग्याची सांगितली, ओढ्यासकट, यंदा ओढ्याला पूर घातला. कॅमेऱ्यात सरपंच आला, ससा आला, माझा पाय आला. बारामतीच्या त्या खोलीत कुणी कॅमेरा बांधला नव्हता.

गोष्ट चालू असतानाच तनूला झोप लागली. घोंगडी तिच्यावर ओढली, पण ती आता पुरत नाही. डोकं छातीशी घेतलं तर पाय बाहेर राहतात, थंडीत, धुळीनं पांढरे झालेले, एका टाचेला काटा रुतल्याची खूण. मी सवयीनं तळव्यावर टिचकी मारली.

तिनं झोपेतच लाथ घातली. लाथ चांगली बसते.